जेक्स : आडोशाच्या एका शब्दाची कुळकथा

इंग्रजी भाषेत आज ‘टॉयलेट’ किंवा ‘लू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेला सोळाव्या आणि सतराव्या शतकांत ‘जेक्स’ असे एक रोखठोक नाव होते. इंग्लंडमध्ये हा शब्द आता जुन्या वळणाचा ठरला असून नित्याच्या बोलण्यातून तो जवळजवळ गेलेला आहे. तथापि शेक्सपिअरच्या नाटकांत, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारातील एका विद्वानाच्या ग्रंथात आणि १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ या कादंबरीत तो वाचकाला भेटतो, आणि त्याचा ‘जॅक्स’ हा सख्खा भाऊ आयर्लंडमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहे. एवढी भक्कम हयात असलेल्या या शब्दाचा उगम कोठे झाला, या प्रश्नाला मात्र निर्णायक उत्तर मिळालेले नाही. पुढील पानांत या शब्दाचा आणि त्याच्या भावकीतील इतर शब्दांचा जो शोध घेतलेला आहे, त्याची भूमिका स्पष्ट करणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

व्युत्पत्तिशास्त्र, म्हणजे शब्दाचे मूळ रूप आणि त्याचा प्रवास शोधणारे शास्त्र, हे मुख्यतः लिखित पुराव्यावर चालते. भाकरी, नांगर, राजा किंवा देव यांसाठीचे शब्द दानपत्रांत, हिशेबांत आणि धर्मग्रंथांत वेळच्या वेळी नोंदले जातात, त्यामुळे त्यांच्या रूपांची साखळी पिढ्यान्‌पिढ्या मागे नेता येते. लज्जेच्या विषयाचे शब्द याच्या अगदी उलट वागतात. ते घरात, आवारात, गडीमाणसांच्या आणि मुलांच्या बोलण्यात रोज वापरले जातात, पण लेखणी हातात धरणारा माणूस त्यांच्या जागी अधिक सभ्य शब्द लिहितो, आणि जेव्हा केव्हा असा शब्द प्रथम कागदावर उतरतो, तेव्हा तो आधीच वापरून झिजलेला, उच्चाराने बदललेला आणि आपले मूळ विसरलेला असतो. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून छापील इंग्रजीत ‘जेक्स’ जो दिसू लागतो, तो असाच पूर्ण वाढलेल्या अवस्थेत; त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज त्या काळच्या लेखकांना वाटत नाही, यावरून तो वाचकांना चांगला परिचित होता एवढे निश्चित म्हणता येते. त्याच्या जन्माविषयी पुढे ज्या अनेक कथा रचल्या गेल्या, त्या या पुराव्याच्या पोकळीतच वाढल्या, आणि म्हणून या शब्दाचा इतिहास हा बऱ्याच अंशी लाजेने केलेल्या खाडाखोडीचाही इतिहास आहे.

व्युत्पत्तीचे दोन पक्ष विचारात घेण्याजोगे आहेत. पहिल्या पक्षानुसार ‘जेक्स’ हे ‘जॅक’ या नावाचे षष्ठी विभक्तीचे रूप, म्हणजे मराठीत ‘जॅकचे’ असे म्हटल्यासारखे आहे. इंग्रजीत माणसाच्या नावाला ‘स’चा प्रत्यय लावून पुढील ‘घर’ किंवा ‘दुकान’ हा शब्द गाळण्याची रीत जुनी आहे. मराठी माणूस ‘जोश्यांकडे गेलो होतो’ एवढेच म्हणतो आणि ऐकणाऱ्याला घर आपोआप समजते, त्याच जातीची ही रचना होय. ‘जॅकच्या घरी जाणे’ म्हणजे आडोशाला जाणे, असा हा संकेत प्रथम हळू आवाजात आणि नंतर सर्रास रूढ झाला असावा, असे या पक्षाचे म्हणणे आहे. दुसऱ्या पक्षानुसार हा शब्द ‘झाक’ या फ्रेंच पुरुषनामाचे इंग्रजी उच्चारातील रूप आहे. आजच्या फ्रेंचमध्ये या नावाचा प्रारंभीचा वर्ण घर्षक असला, तरी मध्ययुगीन फ्रेंचमध्ये तो ‘जीव’ या शब्दातील ज-काराला जवळचा होता, आणि इंग्लंडमध्ये या नावाचा उच्चार एकाक्षरी ‘जेक्स’ असाही होत असे.

हे दोन्ही पक्ष वरवर पाहता परस्परविरोधी वाटले, तरी त्यांच्यामागची कल्पना एकच आहे. ‘जॅक’ आणि ‘झाक’ ही दोन्ही नावे आपापल्या देशांत सामान्य माणसाची प्रातिनिधिक नावे होती. फ्रान्समध्ये उमराव मंडळी शेतकऱ्याला ‘झाक बोनोम’ म्हणत, आणि १३५८ सालच्या शेतकऱ्यांच्या मोठ्या उठावाला त्यावरूनच ‘झाकरी’ हे नाव पडले. इंग्लंडमध्ये ‘जॅक’ म्हणजे कोणीही पोरगा, हरकाम्या, खलाशी किंवा गडी. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘जॅक’ हे ‘जॉन’ या नावाचे लाडके रूप असून ‘झाक’शी त्याचे नाते केवळ ध्वनिसाम्याचे आहे, ही बाजू ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाचे ग्रंथपाल ई. डब्ल्यू. बी. निकल्सन यांनी १८९२ साली एका स्वतंत्र पुस्तिकेत मांडली. परंतु कानांना विद्वानांचा हा भेद कळत नाही, आणि बोलणाऱ्या समाजात ही दोन नावे एकमेकांत मिसळून गेली असणे शक्य आहे. पोऱ्याने करायचे काम जी वस्तू करते तिलाही इंग्रजीत ‘जॅक’ म्हणण्याची पद्धत पडली, त्यामुळे बूट काढण्याच्या साधनाला, आगीवर मांसाची सळई फिरवणाऱ्या यंत्राला आणि जड ओझे उचलणाऱ्या साधनालाही हेच नाव मिळाले. चाक बदलण्यासाठी मोटारीखाली ‘जॅक लावणारा’ मराठी चालक ज्या शब्दाचा उपयोग करतो तो हाच जॅक असून, पहिला पक्ष खरा मानल्यास गॅरेजमधील हे साधन आणि एलिझाबेथकालीन शौचकूप यांची नावे एकाच गड्याच्या नावावरून पडलेली आहेत.

‘झाक’ या नावाचा उच्चार आणि ‘जेक्स’ हा शब्द इंग्रज कानाला सारखेच वाटत, याचा एक सुंदर पुरावा सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या एका ग्रंथात जपलेला आहे. जेक्स विंगफील्ड नावाचे एक सरदार, जे एके काळी तोफखान्याच्या खात्यातील अधिकारी होते, दरबारातील एका थोर स्त्रीच्या भेटीस गेले. विंगफील्ड घराण्यातील नेमके कोण आले आहे हे विचारून येण्यास त्या स्त्रीने आपल्या सखीला सांगितले, आणि पाहुण्याने आपले नाव जेक्स विंगफील्ड असे सांगितले. ते फ्रेंच नाव आहे आणि त्याचा इंग्रजी पर्याय ‘जेम्स’ आहे, हे त्या सखीला ठाऊक नव्हते. तिला त्यात केवळ शौचकूपाचा शब्द ऐकू आला. तो शब्द बाईसाहेबांपुढे उच्चारणे तिला अशक्य झाले, म्हणून तिने आपल्या समजुतीप्रमाणे सुधारणा केली आणि लाजत लाजत आत जाऊन ‘श्री. प्रिव्ही विंगफील्ड आले आहेत’ असे कळवले. ही हकिकत तो सरदार पुढे मोठ्या मौजेने सांगत असे, असे ग्रंथकार म्हणतो.

या छोट्या प्रसंगाचे मोल भाषाभ्यासकाला फार मोठे आहे. नावाचा आणि शब्दाचा उच्चार एकच होता, हे त्यावरून कळते. शिवाय त्या काळी एकाच वस्तूच्या दोन नावांत सभ्यतेची उतरंड होती, ‘जेक्स’ खालच्या पायरीवर आणि ‘प्रिव्ही’ वरच्या पायरीवर होता, हेही त्यातून उघड होते. ही उतरंड कोणत्याही व्याकरणात नोंदलेली नाही. एका संकोची स्त्रीच्या लाल झालेल्या चेहऱ्यावरून ती आपल्यापर्यंत पोहोचली आहे.

ज्या ग्रंथात ही हकिकत येते त्याचा परिचय येथे सविस्तर करून देणे आवश्यक आहे, कारण ‘जेक्स’ या शब्दाला साहित्यात जे स्थान मिळाले ते त्या ग्रंथामुळे. त्याचे कर्ते जॉन हॅरिंग्टन हे राणी एलिझाबेथचे धर्मपुत्र, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी तिने ज्यांची धार्मिक पालक म्हणून जबाबदारी स्वीकारली असे होते. इटालियन कवी आरिओस्तो याच्या ‘ओरलांदो फुरिओसो’ या महाकाव्याचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १५९१ साली प्रसिद्ध झाला होता, त्यामुळे कवी आणि विद्वान म्हणून त्यांचे नाव झालेले होते. अशा माणसाने १५९६ साली शौचकूपावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, आणि त्याला ‘एका शिळ्या विषयाचे नवे विवेचन, अर्थात एजॅक्सचे रूपांतर’ अशा आशयाचे नाव दिले. या नावातील मुख्य शब्द दुहेरी अर्थाचे आहेत. ‘शिळा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा त्या काळी ‘मूत्र’ असाही अर्थ होता. ‘रूपांतर’ हा शब्द रोमन कवी ओव्हिड याच्या विख्यात काव्याची आठवण करून देतो, ज्यात माणसांची झाडे, पक्षी आणि फुले होतात. एजॅक्स हा ट्रॉयच्या युद्धातील ग्रीक वीर. मृत अकिलीझची शस्त्रे आपल्याला न मिळाल्याच्या अपमानाने तो वेडा झाला आणि त्याने स्वतःचा अंत करून घेतला. ‘एजॅक्स’ हे नाव एलिझाबेथकालीन इंग्रजी उच्चारात ‘अ जेक्स’, म्हणजे ‘एक शौचकूप’, यासारखे ऐकू येई, आणि हॅरिंग्टन यांनी याच श्लेषावर ग्रंथाची सगळी इमारत उभी केली. स्वतःसाठी त्यांनी ‘मिसॅक्मॉस’ हे टोपणनाव घेतले, ज्याचा ग्रीकमध्ये अर्थ ‘घाणीचा द्वेष्टा’ असा होतो.

ग्रंथ विनोदी आणि पांडित्यपूर्ण असला, तरी त्याच्या पोटात एक गंभीर यांत्रिक प्रस्ताव होता. हॅरिंग्टन यांनी बाथजवळील केल्स्टन येथील आपल्या घरी पाण्याने धुतला जाणारा शौचकूप बसवला होता, आणि त्याची रचना त्यांनी आकृत्यांसह समजावून दिली. वरच्या बाजूस पाण्याची टाकी, तेथून खाली येणारी नळी, बसण्याच्या जागेखाली अंडाकृती भांडे, त्याच्या तळाशी मळसूत्राने उघडझाप होणारी झडप आणि त्याखाली मैला साठण्याचे तळघर, अशी ती रचना होती. आकृतीत टाकीत पोहणारे मासेही दाखवलेले आहेत, ज्यायोगे ते पाणी स्वच्छ आहे हे वाचकाने ओळखावे. दुपारी आणि रात्री झडप उघडून भांडे रिकामे करावे आणि नंतर त्यात अर्धा फूट स्वच्छ पाणी भरून ठेवावे, अशी त्यांची सूचना आहे; पाणी मुबलक असल्यास हे जितक्या वेळा कराल तितके उत्तम, परंतु टंचाई असल्यास वीस माणसांचा वापर असूनही दिवसातून एकदा केले तरी निभावते, असेही ते सांगतात. या एका वाक्यात सोळाव्या शतकातील मोठ्या घरातील पाण्याचा सगळा हिशेब दडलेला आहे. राणीच्या रिचमंड येथील राजवाड्यातही असा एक शौचकूप बसवला गेला. ग्रंथातील काही राजकीय टोमणे, विशेषतः दिवंगत अर्ल ऑफ लीस्टर याच्यावरील, राणीला रुचले नाहीत आणि हॅरिंग्टन यांना काही काळ दरबारापासून दूर राहावे लागले, पण ग्रंथ मात्र त्याच वर्षी पुन्हा पुन्हा छापला गेला. त्यांच्या रचनेतील उणीव अशी होती की खालच्या तळघरातील दुर्गंधी अडवण्याची जबाबदारी केवळ झडपेवर आणि वरच्या पाण्यावर होती. नळीलाच बाक देऊन त्यात कायम पाणी अडवून ठेवण्याची युक्ती अलेक्झांडर कमिंग या घड्याळे बनवणाऱ्या स्कॉटिश कारागिराने १७७५ साली आपल्या एकस्वात, म्हणजे पेटंटमध्ये, नोंदवली, आणि आज घरोघरी असलेल्या शौचपात्राची बैठक तेथून पक्की झाली.

हॅरिंग्टन यांच्या श्लेषाची साक्ष शेक्सपिअरच्या नाटकांतही मिळते. १५९८ साली छापल्या गेलेल्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’मध्ये शौचपात्रावर बसलेल्या सिंहाच्या चित्राला जोडून एजॅक्सचे नाव येते, तर ‘किंग लिअर’मध्ये सरदार केंट हा ऑझवल्ड नावाच्या लोचट कारभाऱ्याला तुडवून त्याचा चुना करण्याची आणि त्याने जेक्सच्या भिंती लिंपण्याची धमकी देतो. यांहून सूक्ष्म उदाहरण ‘ॲज यू लाइक इट’मधील आहे. त्यातील खिन्न वृत्तीच्या पात्राचे नाव जेक्स असेच आहे, आणि विदूषक टचस्टोन त्याला हाक मारताना नाव घेण्याचे टाळून ‘काय म्हणतात ते महाशय’ अशा अर्थाचे संबोधन वापरतो. नाटकातील काही ओळींच्या वृत्तात हे नाव दोन अक्षरी वाचावे लागते हे खरे असले, तरी विदूषकाची ही चतुराई एकाक्षरी उच्चारावाचून निष्फळ ठरते, म्हणून दोन्ही उच्चार प्रेक्षकांच्या कानांत एकाच वेळी होते असे मानणे योग्य होय. येथे विंगफील्ड यांच्या प्रसंगातील सखी आणि टचस्टोन एकाच अडचणीला सामोरे जातात. सखी लाजून नाव बदलते, टचस्टोन हसवण्यासाठी ते गिळतो.

‘जेक्स’च्या आधी इंग्लंडमध्ये या जागेला काय म्हणत, हे पाहिल्यावर त्याच्या जन्माचे कारण अधिक उलगडते. प्राचीन इंग्रजीत ‘गाँग’ हा शब्द होता आणि त्याचा मूळ अर्थ केवळ ‘जाणे’ असा होता. मराठीत ‘परसाकडे जाणे’, ‘दिशेला जाणे’, ‘झाड्याला जाणे’ या प्रयोगांत जसा क्रियापदाने सगळा भार उचललेला आहे, तसाच तो तेथेही होता. शतकानुशतकांच्या वापराने हा निरागस शब्द घाणेरडा ठरला, आणि मध्ययुगीन लंडनमध्ये तो मुख्यतः मैल्याचे खड्डे उपसणाऱ्या कामगारांच्या नावात उरला. या कामगारांना ‘गाँग-फार्मर’ म्हणत आणि नंतर ‘जेक्स-फार्मर’. यातील दुसऱ्या पदाचा शेतकऱ्याशी संबंध नसून ‘साफ करणे’ या अर्थाच्या एका प्राचीन इंग्रजी धातूपासून ते आलेले आहे. हे काम रात्री केले जाई, आणि उपसलेला मैला शहराबाहेर नेऊन शेतांत खत म्हणून वापरला जाई. मराठीत अशा खताला ‘सोनखत’ म्हणतात. ज्याच्या हातांनी हे सोने उचलले गेले त्याच्या वाट्याला मात्र दोन्ही देशांत तिरस्कार आला, आणि इंग्लंडमध्ये त्याच्या धंद्याच्या नावानेही रूप बदलले. या शब्दांचा कोणताही इतिहास या माणसांना वगळून लिहिला गेल्यास तो अपुरा राहील, असे ठामपणे म्हटले पाहिजे. पंधराव्या शतकात लंडनचे माजी महापौर रिचर्ड व्हिटिंग्टन यांच्या देणगीतून थेम्सच्या काठी पुरुषांसाठी चौसष्ट आणि स्त्रियांसाठी चौसष्ट, अशा १२८ आसनांचे सार्वजनिक शौचालय उभारले गेले, आणि भरतीचे पाणी ते धुऊन नेत असे. पण शहरातील हजारो घरांच्या खड्ड्यांना नदीची भरती पोहोचत नव्हती, तेथे माणसेच उतरत होती.

‘गाँग’ मलिन झाला तसे इतर शब्द पुढे आले. अप्रिय गोष्टीला सौम्य नाव देण्याच्या या प्रवृत्तीला सौम्योक्ती म्हणतात, आणि तिचा स्वभाव असा की ती स्वतःच लवकर झिजते: नवे नाव काही काळ आडोसा देते, मग त्याच्यावरही वस्तूची छाया पडते आणि आणखी नवे नाव शोधावे लागते. ‘प्रिव्ही’ म्हणजे खासगी जागा. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आला. किल्ल्यांतील ‘गार्डरोब’चा शब्दशः अर्थ कपडे राखण्याची खोली, आपल्या जुन्या वाड्यांतील जामदारखान्यासारखा. ‘लॅव्हेटरी’ म्हणजे धुण्याची जागा, आणि मराठीत ‘लॅट्रिन’ म्हणून आलेल्या शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधील धुण्याचाच धातू आहे. ‘टॉयलेट’ तर मुळात कापडाचा लहान तुकडा. त्यावरून शृंगाराच्या मेजावरील वस्त्र, मग शृंगार, मग शृंगाराची खोली आणि अखेर आजचा अर्थ, असा त्याचा लांबचा प्रवास झाला. ‘कमोड’ हा मूळ फ्रेंच शब्द ‘सोयीचे’ एवढेच सांगतो. सतराव्या शतकात ‘हाउस ऑफ ऑफिस’ हे नाव विशेष रूढ होते. त्यातील ‘ऑफिस’चा कचेरीशी संबंध नाही, कर्तव्य किंवा विधी हा त्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ असून ‘प्रातर्विधी’ या आपल्या शब्दाशी त्याचे नाते सहज जुळते. सॅम्युएल पीप्स यांनी १६६० सालच्या आपल्या दैनंदिनीत शेजाऱ्याचे ‘हाउस ऑफ ऑफिस’ तुंबून मैला आपल्या तळघरात शिरल्याची नोंद केली आहे. ती दैनंदिनी त्यांनी लघुलिपीत, स्वतःपुरती लिहिली, म्हणून असा तपशील आपल्याला मिळतो, आणि १८२५ साली ती प्रथम छापली गेली तेव्हा मोठी काटछाट करूनच छापली गेली.

मराठी वाचकाला ही सारी वाट ओळखीची आहे. ‘शौच’ या शब्दाचा संस्कृतमधील अर्थ शुचिता, म्हणजे पावित्र्य आणि स्वच्छता. जुन्या घरांत ऐकू येणारा ‘शेतखाना’ हा शेताशी संबंधित नसून आरोग्यवाचक अरबी ‘सेहत’ या शब्दापासून झालेला आहे. ‘पायखाना’ हा फारसी समास, आणि गुजरातीतील ‘जाजरू’ हा ‘जाए-जरूर’, म्हणजे गरजेची जागा, या फारसी नावाचे रूप. इंग्रजीतही अठराव्या शतकात ‘नेसेसरी हाउस’ हेच नाव नेमक्या याच अर्थाने वापरले जात होते, जरी या दोन्ही भाषांनी ते एकमेकींकडून घेतलेले नाही. पाण्याचे ‘टमरेल’ हे ‘टंबलर’ या इंग्रजी शब्दाचे रूप मानले जाते, आणि शाळेत करंगळी वर करणाऱ्या मुलाने तर शब्दच टाळून बोटावर काम भागवलेले असते.

जेथे पुरावा तोकडा असतो तेथे लोकव्युत्पत्ती, म्हणजे ध्वनिसाम्यावरून आणि सांगण्याच्या सोयीने लोकांनी रचलेली व्युत्पत्ती, फोफावते, आणि या विषयात तिने मोठे रान माजवलेले आहे. अमेरिकेत शौचालयाला ‘जॉन’ म्हणतात ते सर जॉन हॅरिंग्टन यांच्यावरून, असे वारंवार सांगितले जाते. या समजुतीला आधार नाही. हॅरिंग्टन यांना सरदारकी मिळाली ती १५९९ साली, आयर्लंडच्या मोहिमेत, अर्ल ऑफ एसेक्स याच्या हातून. ग्रंथ लिहिताना ते ‘सर’ नव्हते, आणि त्यांच्या नावावरून असा शब्द रूढ झाल्याचे त्यांच्या काळातील कोणतेही लेखन दाखवत नाही. ‘जॅक’ हे ‘जॉन’चेच घरगुती रूप असल्यामुळे जुन्या ‘जॅक्स’ला थोडे भारदस्त रूप देऊन ‘जॉन’ घडला असावा, हे अधिक संभवनीय आहे, आणि १७३५ साली हार्वर्ड महाविद्यालयाच्या नियमांत या जागेला ‘कझिन जॉन’चे संक्षिप्त रूप वापरलेले आढळते, हा त्याला मिळालेला चांगला आधार होय. त्याचप्रमाणे टॉमस क्रॅपर या एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या यशस्वी नळकारागिराने पाण्याचा शौचकूप शोधून काढला, ही समजूतही चुकीची आहे. तो १८३६ साली जन्मला, तोपर्यंत कमिंगच्या एकस्वाला साठ वर्षे लोटली होती. ‘लू’ या शब्दाविषयी तर वॉटर्लूच्या रणांगणापासून एडिंबरोच्या खिडक्यांतून सांडपाणी फेकताना दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यापर्यंत अनेक कथा आहेत, आणि त्यांपैकी एकही अद्याप सिद्ध झालेली नाही. या कथांचा अभ्यास टाकाऊ नाही, कारण कोणत्या काळी लोकांना कोणते मूळ खरे वाटावेसे वाटले, हे त्या सांगतात. त्यांना पुरावा मात्र समजू नये.

‘जेक्स’पुरता निर्णय द्यायचा झाल्यास षष्ठीचा पक्ष, म्हणजे ‘जॅकचे घर’, हा अधिक बळकट आहे. इंग्रजी व्याकरणाच्या चालीशी तो जुळतो, आयर्लंडमधील ‘जॅक्स’ या हयात रूपाशी त्याचा मेळ बसतो, आणि सामान्य गड्याच्या नावाने नकोशी जागा ओळखण्याची प्रवृत्ती ‘कझिन जॉन’मध्येही पुन्हा दिसते. विंगफील्ड यांच्या प्रसंगातून फ्रेंच नावाशी उच्चारसाम्य सिद्ध होते, उगम सिद्ध होत नाही. ते साम्य श्लेषाला खाद्य पुरवणारा योगायोगही असू शकतो. तरीही जोपर्यंत पंधराव्या शतकातील एखाद्या हिशेबवहीत किंवा न्यायालयीन नोंदीत या शब्दाचे स्पष्ट जुने रूप सापडत नाही, तोपर्यंत हा निर्णय संभाव्यतेचाच राहील. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या कोशात या शब्दापुढे व्युत्पत्ती अनिश्चित असल्याचा शेरा दिला होता, आणि तो खोडण्याइतके बळ नंतरच्या कोणत्याही कोशाला आलेले नाही.

जॉइसच्या कादंबरीतील लिओपोल्ड ब्लूम १६ जून १९०४ रोजी सकाळी डब्लिनमधील आपल्या घरामागील जेक्समध्ये जातो आणि तेथे बसून साप्ताहिक वाचतो. चारशे वर्षे वापरात असलेला हा शब्द येथे निवांतपणे कागदावर उतरला आहे, पण तोवर त्याची बाल्यावस्था पाहिलेली सर्व तोंडे कधीच मिटली होती. मराठीत मात्र अजून वेळ गेलेली नाही. शेतखाना, परसाकडे, झाडा, टमरेल हे शब्द ज्यांनी स्वतः वापरले, त्या आजी-आजोबांची पिढी अजून घराघरांत आहे, आणि गावागावांत वेगळे असलेले कितीतरी शब्द अद्याप कोणत्याही कोशात आलेले नाहीत. वाचकांनी आपल्या घरातील ज्येष्ठांना हे शब्द विचारावेत, शब्द कोणत्या गावचा, कोणी कोणासमोर वापरायचा आणि कोणासमोर टाळायचा, हे त्याच्यापुढे लिहावे, आणि लिहिताना त्याच्या जागी सभ्य शब्द घालू नये, एवढी विनंती.